कंधारच्या खानावळीतला पहिला घास

हिमायतनगरच्या स्टेशनावर सकाळची गाडी दोन मिनिटं थांबते. तेवढ्या दोन मिनिटांत माझ्या पोराला मला परत घरी न्यायचं होतं. लक्ष्मण पिशवीचा एक बंद धरून उभा, दुसरा बंद माझ्या हातात. पिशवीत हातोडी, पाच टाक्या, एक धोतर आणि पंचा.

"बाबा, डोळ्यानं धड दिसंना. तोंडात एक दात राहिला न्हाई. तिथं जाऊन काय करणार?"

"दगडाला दात लागत न्हाईत," मी म्हणालो आणि पिशवी ओढली. बंद तुटला. तशीच पिशवी छातीशी धरून डब्यात चढलो. मागं वळून बघितलं नाही. गाडी हलल्यावर बघितलं, तर तो तुटलेला बंद हातात घेऊन उभा होता.

भाद्रपदातले दिवस. आभाळ भरलेलं, पण पाऊस नाही, वारा नाही. खिडकीबाहेर सोयाबीन पिवळं पडत चाललेलं. असल्या दिवसात माणसाचं मनही आंबल्यासारखं होतं.

माझा धंदा काय ते आधी सांगतो, कारण आताच्या पोरांना माहीत नसतं. टाकी म्हणजे पोलादाची बोटभर छिन्नी. जातं दळून दळून गुळगुळीत झालं की त्यात दाणा भरडला जात नाही, नुसता घरंगळतो. मग दोन्ही दगड उलटे करून त्यांना टाकीचे बारीक बारीक ठोके द्यायचे, की पुन्हा धार येते. माझा बाप हेच करायचा, त्याचा बापही. शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो. अक्षरं पाटीवर कमी आणि दगडावर जास्त गिरवली. पायरीवर, समाधीवर लोकांची नावं कोरता कोरता वाचायला शिकलो. म्हणून मला कोणी अडाणी म्हटलेलं खपत नाही.

एके काळी आमच्या वाढोण्यापासून (हिमायतनगरला जुनी माणसं वाढोणाच म्हणतात) थेट देगलूरपर्यंत माझी टाकीची घरं होती. गिरण्या आल्या आणि एकेक घर सुटत गेलं. शेवटी एकच उरलं. कंधारची अक्काची खानावळ. चाळीस वर्षं मी तिथं जातोय. मागल्या वर्षी मात्र गेलो नाही, आणि त्याच हिवाळ्यात खानावळीचे मालक, अप्पा, वारले. मला कळलं तेव्हा माती होऊन पंधरा दिवस झाले होते. मग जायची लाज वाटली. आता अप्पांच्या सुनेचा, महानंदाचा, फोन आला. "मामा, जातं बसलंय. या." एवढंच बोलली.

भोकरच्या पुढं समोरच्या बाईनं पिशवी उघडून भाजलेल्या शेंगा सगळ्यांना वाटल्या. मलाही ओंजळभर दिल्या. "खा की बाबा, ताज्या हाईत." मी म्हणालो, नंतर खातो. "नंतर मऊ पडतील," ती म्हणाली. मी शेंगा खिशात घातल्या. पुढं नांदेड येईपर्यंत सगळा डबा शेंगा फोडून खात होता आणि मी खिडकीबाहेर बघत होतो. दात जाऊन सहा महिने झाले. लक्ष्मण कवळी बसवू म्हणतो. मी म्हणतो, जे माझं नाही ते मी तोंडात घालणार नाही.

नांदेडच्या बसस्टँडवर नेहमीची गर्दी. गुरुद्वाऱ्याला आलेली पंजाबची माणसं, गाठोडी, लाल माठ, पोरांची रडारड. गाडीचा बोर्ड मी स्वतः वाचला आणि चढलो. कोणाला विचारायची मला सवय नाही. गोदावरीचा पूल ओलांडल्यावर कंडक्टर आला.

"कंधार एक," मी म्हणालो.

"आजोबा, ही देगलूर. बोर्ड वाचता येत न्हाई तर विचारायचं की हो."

"वाचता येतं मला."

"मग चष्मा तरी आणायचा!"

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. मी जागेवरून उठलो आणि गाडी थांबवायला लावली. पुलापलीकडं रस्त्याच्या कडेला, एका टायरच्या दुकानासमोर, पिशवी छातीशी धरून तासभर उभा राहिलो. टायरवाल्यानं बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं. "कुठं, मामू?" त्यानं विचारलं. कंधार म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. "वो अम्मा की खानावळ हाय ना किल्ल्याकडं? येसर आमटी! आता पहिल्यासारखी न्हाई राहिली म्हणतात."  त्याचं बोलणं पुढं कंधारपर्यंत माझ्या सोबत आलं.

लोह्यावरून गाडी कंधारला वळली. दुपार झालेली. हे गाव जुनं आहे. कुठंही पाय ठेवला तर खाली घडवलेला दगड लागतो. घरांच्या जोत्यात, विहिरींच्या काठाला, गोठ्याच्या उंबऱ्याला. किल्ल्याकडं जाणाऱ्या गल्लीत, पत्र्याच्या छपराखाली अक्काची खानावळ. चार लांब टेबलं, बाकडी, चुलीच्या धुरानं काळी पडलेली भिंत. भिंतीवर महादेवाच्या तसबिरीशेजारी आता अप्पांचा फोटो होता. त्यांना हार घातलेला मी पहिल्यांदा बघत होतो. पिशवी खाली ठेवून हात जोडले.

"आता आलास व्हय," आतून आवाज आला. अक्का, अप्पांची बायको. पंचाहत्तरीची असेल. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, जात्याशेजारीच पाट टाकून बसलेली. "मातीला न्हाई आलास नरसू."

"उशिरा कळलं अक्का."

"कळल्यावर तरी यायचं."

मी खाली बघितलं. तेवढ्यात महानंदा पाण्याचा तांब्या घेऊन आली. महानंदाचा नवरा लातूरला नोकरीला. खानावळ हीच चालवते. मला बाजूला घेऊन तिनं सगळं सरळ सांगितलं.

"मामा, येसर भरड निघून राहिलं. आमटी घट्ट बसत न्हाई, पाणी वेगळं नि चोथा वेगळा." (येसर म्हणजे भाजलेली ज्वारी, गहू, डाळ आणि मसाला एकत्र दळून केलेली पूड. लग्नाकार्यात सगळीकडं असते, पण ह्या खानावळीत रोज असते आणि त्यासाठीच माणसं लांबून येतात.) "बायपासला दोन ढाबे झाले. आपली गिऱ्हाईकं तिकडं चालली. गिरणीवाला रोज म्हणतोय, इकडं द्या, पाच मिनिटांत दळून देतो. आत्याबाई हटून बसल्यात, गिरणीत येसर तापतं, वास मरतो म्हणून. मी म्हणलं ठीक हाय, नरसूमामाला बोलवते. ह्या बारीला चांगलं निघालं तर जातं राहील. न्हाई तर मी गिरणीवर नेणार. मग त्या रागवल्या तरी रागवू द्या."

"चांगलं न निघायला काय झालं?" मी म्हणालो. आवाज जरा मोठाच झाला.

परसात छपरी आहे, तिथं बसून काम केलं. जातं जुनं, घट्ट काळ्या दगडाचं, वरचा दगड दोघांनी उचलावा लागतो. महानंदा आणि भाकरीवाली बाई यांनी तो उचलून पालथा केला. पूर्वी मी एकटा उचलत असे. डाव्या डोळ्यापुढं आता धुकं असतं. उजव्यानं दगड दिसतो, पण दगडावरचा ठोका दिसत नाही. मी बोटांनी चाचपत गेलो. एक ठोका, एक बोट. मधूनच अक्का विचारायची, "झालं का रे?" मी म्हणायचो, "घाई केली तर दगड रुसतो." दोन तासांचं काम मला चार तास लागलं. सगळ्यांच्या ते लक्षात आलं असणार.

संध्याकाळी किल्ल्यावर गेलो. कंधारला गेलो की जातोच. खंदकात पाणी हिरवं, दाट. त्यात आभाळाचा राखाडी तुकडा पडलेला. बुरुजाशी एक जोडपं फोटो काढत होतं. पोरीनं मला विचारलं, "आजोबा, हा किल्ला कधी बांधला?"

"मला साल विचारू नको बाई," मी म्हणालो, "कारागीर विचार. हा खालचा थर डावखुऱ्यानं घडवलाय. ठोके उलटे पडलेत बघ."

तिनं दगडाला हात लावून बघितला. "खरंच की!" म्हणाली. तिचा नवरा हसला. मला जरा बरं वाटलं. पण ती दोघं गेल्यावर मी पुन्हा तिथं हात फिरवला. तो डावखुरा कोण, कुठला, कोणाला ठाऊक नाही. त्याचा ठोका मात्र अजून बोटाला लागतो. माझं काम कुठं आहे? जात्यात. जे दळलं की झिजतं. असलं काही मनात आलं की माणसानं उठून चालू लागावं. मी तसंच केलं.

सकाळी जातं बसवलं. नव्या टाकीच्या जात्यात आधी दोनदा ज्वारी दळायची आणि ती टाकून द्यायची, म्हणजे दगडाची कच, बारीक चुरा, निघून जाते. तसं केलं. मग भाजलेलं येसर घातलं. महानंदा आणि भाकरीवाली समोरासमोर बसल्या, खुंट्याला चार हात लागले, घरघर सुरू झाली. पीठ पडू लागलं ते मऊ, एकसारखं. अक्कानं चिमूट घेऊन बोटांत चोळली, हुंगली. तिचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. "व्हय. हाच वास," ती म्हणाली.

अकरापर्यंत आमटी उकळली. लसणाची फोडणी बसली, तसा वास गल्लीत गेला आणि माणसं येऊन बाहेर उभी राहू लागली. कारण महानंदानं दोन दिवस आधीपासून सांगून ठेवलं होतं, जात्याला टाकी लागतेय, रविवारी या. शेतीच्या कामानं आलेली माणसं होती, एक निवृत्त गुरुजी होते, समोरच्या दुकानातला करीम टेलर होता. करीम तीस वर्षं इथंच जेवतो.

आणि कोणीही आत बसलं नाही. कारण इथला दस्तूर.

हा दस्तूर अप्पांचा. माझ्याआधी एक टाकीवाला होता, त्यानं काम उरकतं घेतलं आणि एका गिऱ्हाईकाचा दात खड्यावर तुटला. तेव्हापासून अप्पांनी ठरवलं, ज्यानं दगड उकरला त्यानं आधी खायचं. टाकी लागली की पहिलं ताट टाकीवाल्याचं. दारासमोरच्या खुर्चीवर मला बसवायचे. गावातली मोठी माणसं, सावकार, मास्तर, सगळी बाहेर ताटकळत उभी, आणि मी दगडफोड्याचा पोरगा आत बसून जेवतोय. चार घास झाले की मी म्हणायचो, "निर्मळ हाय." मग अप्पा दारात जाऊन हाळी द्यायचे, "चला, जेवायला चला!" चाळीस वर्षांत माझा शब्द एकदाही खोटा पडला नव्हता. खरं सांगतो, मी कंधारला यायचो ते त्या खुर्चीसाठी.

महानंदानं ताट आणून ठेवलं. ज्वारीची पांढरीशुभ्र भाकरी, आमटी, शेंगदाण्याची चटणी, फोडलेला कांदा. अक्का चुलीपासून उठून येऊन उभी राहिली. दारात पंधरावीस माणसं.

दात गेल्याचं इथं कोणाला माहीत नव्हतं. दाढीमिशीत माझे ओठ बुडालेले असतात, आणि मी हसत नाही.

भाकरी चावता येणार नव्हती. मी ती आमटीत कुस्करली, भिजू दिली, आणि गिळली. चव तीच होती. जिभेला तिखट, मागून खोबऱ्याचा गोडवा, भाजलेल्या ज्वारीचा धुरकट वास. तीच. पण दगडाची कच जिभेला कळत नसते, ती दाताला कळते. पहिला घास गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला मी थांबलो. सांगायचं तर आताच सांगायचं. दारातून करीम ओरडला, "मामू, जल्दी बोलो, पोटात कव्वे कोकलून राहिलेत!" सगळे हसले. अक्का माझ्याकडं बघत होती, अप्पा बघायचे तशी.

"निर्मळ हाय," मी म्हणालो. "वाढा."

अक्का स्वतः दारात गेली आणि अप्पांसारखी हाळी दिली. आवाज चिरकला, पण दिली. माणसं आत येऊन बसली.

पहिल्या पाच मिनिटांत फक्त भुरके ऐकू येत होते. मग गुरुजी चावता चावता थांबले. त्यांनी जिभेवरून काहीतरी काढून ताटाच्या कडेला ठेवलं. शेजारच्यानं त्यांच्याकडं बघितलं, कारण तोही थांबला होता. मग करीमचा आवाज आला.

"भाभी, आज आमटीत किल्ल्याचा बुरूज टाकला क्या?"

काही हसले, काही नाही. एकानं ताट सरकवलं. "कचकचतंय हो," तो म्हणाला. "लई कचकचतंय."

"काय बोलता?" अक्का पुढं आली. "टाकीवाल्यानं खाल्लंय. निर्मळ म्हणलाय तो. चाळीस वर्षं म्हणत आलाय. तुमचेच दात बघा."

"अम्मा, दात माझे ठीक हाईत."

"मग जीभ बघ!" असं म्हणून ती खाली बसली, परातीत भाकरी घेतली, वरून आमटी ओतली आणि सगळ्यांसमोर खाऊ लागली. पहिल्या घासाला तिचा जबडा थांबला. अगदी एक क्षण. मी समोर होतो, मला दिसलं. मग तिनं चावलं. तो आवाज मला ऐकू आला. दुसरा घास घेतला, चावला. तिसरा घेतला. माझ्याकडं बघितलंही नाही.

माझ्या हयातीत मला कोणी एवढा मान दिला नव्हता, आणि एवढी शिक्षाही.

"अक्का, थांबा," मी म्हणालो. खुर्चीवरून उठलो. "माझ्या तोंडात दात न्हाईत. सहा महिने झाले. मला कच कळलीच न्हाई. कळणार न्हाई हे ठाऊक होतं, तरी म्हणलो."

 करीमनं मान खाली घातली. महानंदा हातात भाकरीचं टोपलं घेऊन जागेवरच उभी.

अक्कानं घास गिळला. बोटं पुसली. "आधी बोलला असतास तर मी चाखलं असतं की रे," ती म्हणाली. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

माणसं एकेक करून उठली. कोणी वाईट बोललं नाही. गुरुजी जाता जाता "होतं कधी कधी" म्हणाले. थोड्या वेळानं गल्लीच्या टोकाला तीन मोटारसायकली बायपासकडं वळताना दिसल्या. महानंदानं आमटीचं पातेलं उचललं आणि मोरीत ओतलं. एवढी आमटी ओतायला बराच वेळ लागतो.

मी जातं पुन्हा पालथं करायला लावलं. तळहात नाही, बोटांची टोकं फिरवली, तेव्हा सापडलं. वरच्या दगडाच्या तोंडाशी नखाएवढी एक कपची सुटत आली होती. दर फेऱ्याला थोडी थोडी झिजून पिठात पडत होती. दोन वर्षांमागे ही मला नुसत्या नजरेला दिसली असती. ती काढली, कडा साफ केली. ज्वारी दळली, टाकली. पुन्हा दळली, टाकली. मग येसर.

"आता मी चाखणार न्हाई," मी महानंदाला म्हणालो. "तू चाख."

तिनं चिमूटभर तोंडात टाकून सावकाश चावलं. माझ्याकडं बघून म्हणाली, "अजून हाय मामा." माझ्या तोंडावर नाही म्हणणारं त्या घरातलं पहिलं माणूस. मी पुन्हा दळायला लावलं. तिसऱ्या वेळेला ती म्हणाली, "आता न्हाई." तेव्हा दुपार उलटून गेली होती. त्या दळणाची आमटी पाच जणांनी खाल्ली. त्या तिघी, परत आलेला करीम आणि मी. मी खुर्चीवर बसलो नाही. बाकड्याच्या टोकाला बसून भिजवून खाल्ली.

निघताना अक्का पूजेला बसली होती. डाव्या तळहातावर लिंग, डोळे मिटलेले. मी उंबऱ्याशी थांबलो. तिनं डोळे उघडले नाहीत. पूजेत उघडतही नाही ती, हे मला माहीत आहे. तरी मी थांबलो होतो.

महानंदा बसस्टँडपर्यंत आली. हाका मारून माझ्यासाठी जागा धरली. बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणाली, "मामा, पुढच्या बारीला मीच फोन करीन. मग या. उगं स्वतःहून इतक्या लांबची धावपळ नको."

"बरं," मी म्हणालो.

फोन करीन म्हणजे काय, ते मला कळतं. मी शिकलेला कमी असलो तरी एवढं वाचता येतं. तिचं काही चुकलं नाही. तिला खानावळ चालवायची आहे.

परतीच्या रस्त्यावर पावसाचे चार थेंब काचेवर आले आणि थांबले. नांदेडला मी बोर्ड वाचला नाही, एका माणसाला विचारलं, गाडी कुठल्या फलाटाला लागते. त्यानं सांगितलं, एवढंच. त्याला त्यात काही वाटलं नाही. मी इतकी वर्षं का विचारलं नाही, हे मलाच सांगता येणार नाही.

आता घरी येऊन महिना झाला. मी गिरणीला शिव्या देत आलो, की हिनं माझी घरं खाल्ली. बाकीची खाल्ली असतील. कंधारचं घर गिरणीनं नाही घेतलं. तिथं दगडानं दगा दिला नाही, डोळ्यांनीही नाही; डोळे म्हातारे होणारच. तिथं माझी जबान फिरली. एका शब्दासाठी माणसं चाळीस वर्षं दारात थांबली होती, तो शब्द मी खुर्चीच्या लोभानं वापरला.

तुम्ही कधी कंधारला गेलात तर किल्ला बघा, आणि त्या गल्लीतल्या खानावळीत जेवा. जातं अजून आहे की येसर गिरणीवर दळतात, ते मला कळवू नका. पण जेवताना काही दाताखाली आलं तर गप्प बसू नका. अक्का भांडेल, तुमचेच दात बघा म्हणेल. तरी बोला. अप्पा गेले, आणि मी आता तिथं नसतो. त्या बाईजवळ खरं बोलणारं कोणीतरी पाहिजे.